काजमावशीचं कच्च्या टाक्याचं इंग्रजी

अशी कल्पना करा, की तुम्ही बावीस वर्षं शर्ट शिवताय. कॉलर डोळे मिटून बसवता. कुणी नुसतं दारातून आत आलं, तरी त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे हे तुम्हाला दिसतं. आणि एके दिवशी तुमच्यासमोर एक कागद येतो. त्यावर चित्र नाही, आराखडा नाही, सगळं इंग्रजी. बासष्ट शब्द. त्यातले एकवीस ओळखीचे, तेही बाजारात भेटलेल्या माणसासारखे, चेहरा माहीत पण नाव आठवत नाही. बाकीचे एकेचाळीस परके. आणि तुम्हाला सांगितलंय, हा कागद वाचा आणि यात काय शिवायला सांगितलंय ते सांगा. कुणाला विचारायचं नाही. बसायला स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड आहे. समोर एकजण हातात घड्याळ घेऊन उभा आहे.

तो घड्याळवाला मी.

आमचा कारखाना तयार कपड्यांचा. खालच्या मजल्यावर कापड कापतात, वरच्या मजल्यावर शिवतात. मी इंजिनियर आहे असं माझ्या कागदपत्रांवर लिहिलंय, पण माझं काम म्हणजे शिवणाऱ्या बायकांच्या मागे उभं राहून कोणत्या कामाला किती सेकंद लागतात ते मोजणं. बाही जोडायला अडतीस, कफ लावायला चव्वेचाळीस. असं काम करणाऱ्याबद्दल मजल्यावर जितकं प्रेम असू शकतं, तितकंच माझ्याबद्दल होतं. पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'घड्याळ्या' पडलं, आणि मी मागे उभा राहिलो की मशिनं एकदम देवळातल्यासारखी शांत चालायला लागायची.

न घाबरणारी एकच होती, काजमावशी. वयाच्या तेविसाव्या वर्षी ती इथे काज करायच्या मशीनवर लागली. शर्टाला सात काजं, दिवसाला किती शर्ट त्याचा हिशोब नको. तेव्हापासून तिचं नाव काजमावशी. नंतर ती बाही शिकली, कॉलर शिकली, आणि गेली नऊ वर्षं ती नमुन्याच्या टेबलाची प्रमुख होती. पण नाव काही बदललं नाही.

नमुन्याचं टेबल म्हणजे काय ते सांगतो. बाहेरगावचा बायर कपड्याची ऑर्डर देतो, तेव्हा सोबत एक शीट पाठवतो. कुठे किती इंच, कुठे कसली शिलाई, बटण कोणतं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्या शीटवरून आधी एकच कपडा शिवायचा. तो पसंत पडला की मग खाली हजारोंनी कापड कापलं जातं. तो पहिला कपडा शिवणारं टेबल काजमावशीचं. टेबलावर सहा बायका, एक इस्त्री, आणि ते आखूड पायाचं स्टूल.

आता तुम्ही विचाराल, शीट इंग्रजीत, मग नऊ वर्षं ती करत काय होती? तर जुने मॅनेजर तिला शीट वाचून दाखवायचे. ते वाचायचे, ही ऐकायची, मान डोलवायची आणि शिवायची. मात्र जुन्या मॅनेजरांचे डोळे म्हातारपणी दगा द्यायला लागले होते आणि चष्मा लावायचा त्यांना अपमान वाटायचा. त्यांनी एकदा मधली एक ओळ गाळली. अर्ध्या बाहीचे चारशे शर्ट पूर्ण बाहीचे झाले. मॅनेजर निवृत्त झाले, नवीन मॅनेजर आले, आणि बायरने अट घातली: जो माणूस पहिला कपडा शिवतो त्यानेच शीट वाचली पाहिजे. सहा आठवड्यांनी त्यांच्याकडच्या बाई येतील आणि परीक्षा घेतील.

नव्या मॅनेजरांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच आकडे घेऊन बसलो होतो.

"मावशी, वाचता आलं तर टेबल तुमचं. नाही आलं तर..."

"नाही आलं तर?"

"काजाच्या मशीनवर जागा आहे."

मावशी उठली, तिच्यामागे मीही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बावीस वर्षं चालून माणूस जिथून निघाला तिथेच पोचतो, असं कधी बघितलंयस का घड्याळ्या?"

परीक्षेला आणखी एक नाव होतं. मावशीची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरातल्या, एकाच स्वयंपाकघरातल्या, एकाच बसने येणाऱ्या. जाऊ बारावी झालेली, इंग्रजी फाडफाड वाचणारी. तिची कॉलर मात्र अशी बसायची, की घालणाऱ्याला मान मोडल्याचा भास व्हावा. पण परीक्षा वाचनाची होती, कॉलरची नव्हती.

"ताई," जाऊ डबा उघडता उघडता म्हणाली, "कशाला डोक्याला ताप करून घेता? मी वाचीन, तुम्ही शिवा. घरातलं घरातच राहील."

"घरातलं घरात राहील गं, पण खुर्ची तुझ्याकडे राहील."

"खुर्ची कुठाय ताई? स्टूल तर आहे."

"तेच म्हणते. तीन पायांवर मी बसलेय आणि चौथ्यावर तुझा डोळा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी बटणांच्या खोलीत मला शोधत आली. हातात जुनी शीट, शिंप्याचा खडू आणि तिच्या मुलीचा शाळेतला शब्दकोश.

"तुला लोकांची कामं मोजायचा पगार मिळतो ना?"

"हो."

"मग माझं वाचन मोज. कुठे वेळ जातो ते सांग. बाहीचं सांगतोस तसं."

मी घड्याळ सुरू केलं. मावशीने पहिला शब्द वाचला. माहीत होता. दुसऱ्याला अडली. खडूने त्याच्याखाली रेघ मारली, शब्दकोश उघडला, बोटाने पान पान उतरत गेली, अर्थ सापडला, तो शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिला, आणि मगच तिसऱ्या शब्दाला हात घातला. शब्दकोशाची शेवटची पानं गायब होती. तो आर या अक्षरावरच संपत होता. आता शिवणकामातलं निम्मं इंग्रजी एसवर आहे. सीम, स्लीव्ह, शोल्डर, स्टिच, साइज. एसचा शब्द आला की मावशी शब्दकोश उघडायची, शेवटच्या पानापर्यंत जायची, पुठ्ठ्यावर बोट आपटायची, सुस्कारा सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून बघायची. न जाणो मध्ये कुठे सरकला असेल.

एकोणीस मिनिटं लागली. मी हिशोब केला: एकेचाळीस थांबे, प्रत्येकी सरासरी बावीस सेकंद. उरलेला वेळ सुस्कारे.

"छान," मी म्हणालो. "आता सांगा, काय शिवायचंय?"

मावशीने माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. "ते मला काय विचारतोस? मी शब्द बघत होते."

तिथे मला रोग कळला. काजमावशीचा बावीस वर्षांचा एक नियम होता: अर्धवट काम पुढच्या हातात द्यायचं नाही. काज तपासल्याशिवाय शर्ट पुढे सरकत नाही. तिने तोच नियम वाक्याला लावला होता. एक शब्द पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. त्यामुळे वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात कधीच धुऊन वाळत पडलेली असायची.

माझं तांत्रिक शिक्षण झालेलं असल्यामुळे उपाय मला सोपा वाटला. मी शब्दकोश ताब्यात घेतला.

"आता न थांबता शेवटपर्यंत वाचा. अडलेला शब्द सोडून द्या."

"सोडून देऊ?"

"हो. पुढे जा."

"आज म्हणतोस शब्द सोड. उद्या म्हणशील बटण सोड. परवा शर्टाला एकच बाही लाव, दुसरी घालणाऱ्याला कळेलच संदर्भाने!"

"मावशी, संदर्भानेच कळतं सगळं."

"हे संदर्भ कोण?"

तरीही तिने करून बघितलं. न थांबता वाचलं, मोठ्याने, मान हलवत, एका दमात. साठ सेकंद! मला वाटलं जिंकलो. मी विचारलं, काय कळलं?

"दोरा न ओवता मशीन चालवल्यासारखं झालं," मावशी म्हणाली. "आवाज छान आला. भोकंही पडली. शिवलं मात्र काही गेलं नाही."

असे आठ दिवस गेले. मी तिला संदर्भ समजावत होतो आणि ती मला सहन करत होती. मध्येच एकदा तिने मला एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि मी इतक्या आत्मविश्वासाने चुकीचा सांगितला, की बाजूला बटणं मोजणाऱ्या जावेने हसून हसून वाटी सांडली. मी अख्खं इंजिनियरिंग इंग्रजीत पाठ केलं होतं; वाचलं होतं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. त्या दिवसापासून मी शिकवायचं थोडं कमी केलं आणि मावशीच्या शेजारी बसून स्वतःही वाचायला लागलो. म्हणजे उंटावरून खाली उतरलो असं म्हणा.

नवव्या दिवशी ती जेवता जेवता एक बाही कच्ची टाचत होती. बाही नीट बसेल की नाही याची खात्री नसली, की आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालतात. त्याला कच्चा टाका म्हणतात. मग कपडा उलटसुलट करून बघायचा. बसली तर वरून पक्की शिलाई मारायची आणि कच्चा दोरा ओढून काढायचा. नाही बसली तर उसवायला एक क्षण पुरतो.

शीट समोर पडली होती. मी पुटपुटत होतो, "या शब्दाचा आत्ता अंदाज करा, पुढे गेल्यावर..."

मावशीची सुई हवेतच थांबली.

"थांब. म्हणजे हा शब्द आत्ता नुसता कच्चा टाचायचा?"

"अं... हो."

"आणि पुढचं वाक्य जोडून बघायचं. बसला तर पक्का."

"हो!"

"नाही बसला तर उसवायचा."

"मावशी, अगदी तेच!"

"मेल्या, मग असं सांग ना! आठ दिवस नुसता संदर्भ संदर्भ करतोयस. कच्च्या टाक्याला तुमच्या कॉलेजात संदर्भ म्हणतात होय?"

तिने डबा बाजूला सारला आणि शीट ओढली. आधी ती सगळी नुसती नजरेखालून घातली, कारण कापायच्या आधी कापड पूर्ण पसरायचं असतं, हेही तिलाच आठवलं. मग वाचायला लागली. अडलेल्या शब्दाखाली रेघ नाही, खडूचा फक्त एक ठिपका. पुढे अर्थ बसला की अंगठ्याने ठिपका पुसायचा. पाच मिनिटांनी शीटवर एकेचाळीसपैकी अकरा ठिपके उरले होते आणि मावशी म्हणाली, "मुलांचा शर्ट आहे. अर्धी बाही. पाठीला मध्ये एक चूण. बटणं चार, आणि पाचवं कुठेतरी जास्तीचं शिवून ठेवायचं, हरवलं तर म्हणून."

सगळं बरोबर होतं. मी इतका खूश झालो, की घड्याळ बंद करायला विसरलो. त्या वाचनाची नोंद माझ्या वहीत तीन तास सात मिनिटं अशी आहे.

त्यानंतर मावशी सुटली. दिसेल ते वाचायला लागली. आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना. दोऱ्याच्या खोक्यावरचा मजकूर. लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ते, आणि मग आत किती आहेत ते मोजून दोघांना बाहेर काढणं. घरी तिच्या नवऱ्याच्या गोळ्यांच्या डबीत घडी केलेला कागद असतो, तो तिने एका संध्याकाळी पूर्ण वाचला. नवरा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत, शांत माणूस. तिने त्याला एक एक परिणाम वाचून दाखवला: चक्कर, मळमळ, तोंडाला कोरड, झोप न येणे, झोप फार येणे. सगळा कागद संपेपर्यंत त्याला सगळं झालेलं होतं. तो दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात मला गाठून म्हणाला, "साहेब, मीही तीस वर्षं वाचतोय. नुसते आकडे वाचतो. आजवर माझ्या वाचण्याने कुणाला मळमळलं नाही. हिला जरा आकड्यांवर आणता येईल का?"

पण सुतावरून स्वर्ग गाठायची सवय लागली की पाय घसरतोच. टेबलावर नवी वाफेची इस्त्री आली होती. तिच्यासोबतचं पुस्तक मावशीने मोठ्या उत्साहाने उघडलं, भराभर वाचलं आणि बायकांना जाहीर केलं, "दिवस संपला की टाकीत पाणी ठेवायचं. पुस्तकात लिहिलंय." तीन दिवस इमाने इतबारे पाणी ठेवलं. चौथ्या दिवशी इस्त्रीने पांढऱ्याशुभ्र नमुन्यावर गंजाची लांबलचक पिचकारी मारली.

जावेने पुस्तक उचललं, पान काढलं आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, इथे पाणी ठेवू नये असं लिहिलंय. 'नये' राहिलं तुमचं."

मावशीचा चेहरा त्या नमुन्यापेक्षा पांढरा झाला. परीक्षेला दोन आठवडे उरले होते. शर्ट हातात घेऊन ती बटणांच्या खोलीत येऊन बसली. मला वाटलं आता शब्दकोश परत मागणार. पण ती बराच वेळ शर्टाची कॉलर चिमटीत धरून दाबत होती.

"कॉलरच्या आत बक्रम असतं," ती शेवटी म्हणाली. "कडक कापडाची बारकी पट्टी. बाहेरून दिसत नाही. ती राहिली की कॉलर मान टाकते. मी मोठे शब्द टाचत सुटले आणि बक्रमच विसरले. मोठा शब्द कच्चा चालेल. पण हे 'नाही', 'शिवाय', 'फक्त', 'पर्यंत' हे बारके आहेत ना, ते कच्चे चालत नाहीत. ते दोनदा बघायचे."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. कॉलेजच्या चार वर्षांत मला कुणी इतकं कामाचं सांगितलं नव्हतं.

परीक्षा सकाळी दहाला, मॅनेजरांच्या केबिनमध्ये. बायरकडच्या बाई उंच, गंभीर, हातात फाइल. आमची भाषा त्यांना येत नव्हती, मधे मॅनेजर. टेबलाच्या एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला जाऊ. दोघी सकाळी एकाच बसने आल्या होत्या आणि माझ्या माहितीप्रमाणे वाटेत एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बायकांच्या पँटची एक पानी शीट, चित्र नाही, दहा प्रश्न, पंचवीस मिनिटं. परीक्षा वाचनाची असल्याने उत्तरं आपल्या भाषेत लिहिली तरी चालतील, असं बाईंनी आधीच सांगितलं. वेळ धरायला घड्याळवाला हजर होताच.

जाऊ अकराव्या मिनिटाला संपवून हाताची घडी घालून बसली. मावशीने चार मिनिटांत शीट एकदा पूर्ण वाचली. दुरून मला ठिपके दिसत होते. फक्त सात! मग ते एक एक पुसले जायला लागले. बाराव्या मिनिटाला नऊ उत्तरं झाली होती आणि शीटवर एकही ठिपका नव्हता. माझ्या मनात पेढे वाटून झाले.

आणि मावशी थांबली.

शीटच्या मध्यावर बोट ठेवून थांबली. तो परिच्छेद तिने पुन्हा वाचला. मान हलवली. पुन्हा वाचला. एका एका बारक्या शब्दावर नख टेकवत, ओठ हलवत. पेन उचललं, खाली ठेवलं. शीट उलटी करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं. मागे काही नव्हतं. पंधरा मिनिटं. अठरा. जाऊ खोकली. एकवीस. जुना रोग परतला. आता ही शब्दन् शब्द उसवणार आणि काजाच्या मशीनवर जाऊन बसणार. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा तिने एकदम काहीतरी लिहायला घेतलं, आणि मी वेळ संपल्याचं सांगेपर्यंत लिहीत राहिली.

मॅनेजरांनी उत्तरं बाईंसमोर वाचायला घेतली. पहिली नऊ दोघींचीही बरोबर. दहावा प्रश्न होता: पुढच्या खिशाची आतली पिशवी किती खोल?

जावेचं उत्तर: सहा इंच.

"बरोबर असणार," मॅनेजर मान डोलवत म्हणाले. "सहाच असते नेहमी." आणि त्यांनी मावशीचा कागद उचलला. तो वाचताना त्यांच्या भुवया हळूहळू वर चढत गेल्या.

मावशीने लिहिलं होतं: 'कागद म्हणतो की पिशवी नाही. खिसाच नाही. नुसतं खिशावरचं झाकण शिवायचं आणि चारही बाजूंनी बंद करून टाकायचं. मी पाच वेळा वाचलं. बारके शब्द दोनदा बघितले. कागद तेच म्हणतो. पण असं शहाणं माणूस शिवत नाही, म्हणून माझ्याच वाचण्यात काहीतरी चुकलं असणार. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही.'

"म्हणजे मावशींनी उत्तर दिलेलं नाही," मॅनेजर म्हणाले. "जावेचे दहा, यांचे नऊ..."

मावशीने काय लिहिलंय ते बाईंनी विचारलं. मॅनेजरांनी सांगितलं. ऐकता ऐकता बाईंच्या गंभीर चेहऱ्याला एक सुरकुती पडली, मग दुसरी, आणि त्या मोठ्याने हसल्या. मग शीटवर तोच परिच्छेद काढून त्यांनी मॅनेजरांच्या पुढे सरकवला. मॅनेजरांनी वाचला. मग जावेने उठून वाचला. झाकण पाच इंच रुंद, चारही बाजूंनी शिवावे, उघडे ठेवू नये, आत पिशवी नाही. फक्त दिसण्यासाठी.

"खिसा म्हटला की पिशवी असणारच ना!" जाऊ लाल होत म्हणाली. "ते कशाला कोण वाचत बसतं?"

"मी बसले," मावशी म्हणाली.

बाई काहीतरी बोलल्या. मॅनेजरांनी घसा साफ करून सांगितलं, "त्या म्हणतात, मावशींचे दहा. आणि म्हणतात, स्वतःचा विश्वास न बसणारी गोष्टसुद्धा जशीच्या तशी वाचणारी माणसं त्यांना कमी भेटतात. टेबल तुमचं, मावशी."

मला उडी मारावीशी वाटली. मावशी मात्र हललीच नाही.

"ते ठीक आहे. पण झाकण कशाला?"

"मावशी, तुम्ही पास झालात."

"झाले ना. म्हणूनच विचारते. नापास असते तर वाटलं असतं मला कळलं नाही. आता कळलंय. म्हणून कळत नाही."

मॅनेजरांनी बाईंना विचारलं. बाईंनी खांदे उडवले. डिझाइन त्यांचं नव्हतं, त्या फक्त परीक्षा घेत होत्या.

तिथून बाहेर पडल्यावर दोघी जावा जिन्यात उभ्या राहिल्या. धाकटी म्हणाली, "ताई, पण खरंच, झाकण कशाला असेल हो?"

"तुला लिहिता येतं ना इंग्रजी? मग लिही. विचारू आपण."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या दोघींनी मिळून बायरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. मावशी सांगत होती, जाऊ लिहीत होती, आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य मावशी स्वतः वाचून, ठिपका नसेल तरच पुढे जाऊ देत होती. 'आपण फार हुशार माणसं आहात' हे वाक्य घालावं की नाही यावरून भांडण झालं. जावेचं म्हणणं, घातलं तर उत्तर लवकर येतं. मावशीचं म्हणणं, हुशार आहेत की नाही ते अजून कळायचंय.

उत्तर आठ दिवसांनी आलं. मॅनेजरांनी छापून टेबलावर आणून दिलं. दोन ओळी. मावशीने सगळ्यांना हाताने थांबवलं आणि एकटीने वाचलं. सवयीने मी घड्याळ दाबलं होतं: नऊ सेकंद.

"काय म्हणतायत?" जावेने विचारलं.

"पत्राबद्दल आभार म्हणतायत. आणि शीटप्रमाणे करावे म्हणतायत." तिने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितला, बारके शब्द दोनदा. "सगळं कळलं मला. विचारलेलं मात्र कुठेच नाही यात."

मग तिने ती पँट शिवली. बावीस वर्षांची कारागीर, शीटबाहेर कशी जाणार? दोन्ही बाजूंना झाकणं बसवली, चारही कडा शिवून टाकल्या, इस्त्री फिरवली आणि इस्त्रीतलं पाणी काढून टाकलं. झाकणं इतकी सुंदर बसली होती, की बघणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जावा. माझा गेला. बोटं कापडावर आपटून परत आली.

"किती वेळ गेला या दोन झाकणांना?" मावशीने विचारलं.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," मी वहीत बघून म्हणालो.

"एका पँटला. आणि ऑर्डर सहा हजारांची." तिने पँट हँगरला लावली आणि माझ्याकडे वळून उभी राहिली. "कापड गेलं, दोरा गेला, वेळ गेला, परीक्षासुद्धा होऊन गेली. आता तू एवढा शिकलेला आहेस, तूच सांग घड्याळ्या, ही पँट घालून एखादी बाई कामावर जाणार, तर तिने रुमाल ठेवायचा कुठे?"